गोव्याची टॅक्सी आणि आपला खिसा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात सुट्टीतल्या प्रवासावर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर. टॅक्सी. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, पीएफ आणि सातबारावाल्यांनी रागावू नये, तुमचं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : आम्ही घरची सहा माणसं, चार मोठी दोन पोरं, डिसेंबरात गोव्याला गेलो होतो. जाताना बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरून बस, म्हापशाला उतरलो, तिथनं लोकल बसनं कळंगुट, सगळं एकदम बेस्ट. परत येताना सकाळची बस धरायची होती म्हणून हॉटेलवाल्याला टॅक्सी सांगितली. कळंगुट ते म्हापसा दहा किलोमीटरसुद्धा नाही, त्याला बाराशे रुपये घेतले. मीटर टाका म्हटलं तर ड्रायव्हर नुसता हसला. पावती पण नाही. सासूबाई अजून तेच बोलून दाखवतात, बाराशेत किती कुंदा आला असता म्हणून. ही लूट थांबवायची कशी? की गोव्याला जाणंच सोडायचं? — एक वाचक, शहापूर

ताई, गोव्याला जायचं सोडणं आपल्या बेळगावकरांना जमणार नाही, शनिवारी सकाळी चोर्ल्याच्या रस्त्याला केए-२२ च्या गाड्यांची रांग बघा म्हणजे कळेल. पण तुमच्या सासूबाईंचा हिशोब बरोबर आहे आणि तो ड्रायव्हर का हसला ते पण मी सांगू शकतो, कारण मी स्वतः बारा वर्षं एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर बसलोय.

त्या बाराशेत दहा किलोमीटरचं भाडं किती असेल? डिझेल एक लिटर धरा, जाऊन येऊन. बाकीचं सगळं लाइनीचं भाडं आहे. म्हणजे असं बघा, किनाऱ्यावरच्या कुठल्याही टॅक्सी स्टँडवर जा, माडाखाली वीस-पंचवीस गाड्या उभ्या, एक वही असते, त्यात नंबर लावायचा, आणि आपला नंबर येईपर्यंत दार उघडं टाकून पाय बाहेर काढून झोपायचं. समजा एखाद्याचा नंबर चार-पाच तासांनी लागला आणि म्हापशाचं भाडं मिळालं. म्हापशाला सोडलं की तिथनं पॅसेंजर भरायचा नाही, ते दुसऱ्या स्टँडचं, म्हणून रिकामं परत यायचं आणि परत वहीत शेवटचा नंबर. दिवसाला एक नाहीतर दोन भाडी. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, पासिंग, पोरांची फी, सगळं त्या दोन भाड्यांतनं काढायचं, वर पावसाळ्यात धंदा निम्म्यावर. मग ते सगळं डिसेंबरात तुमच्यावर काढतात.

याचा अर्थ मी त्यांची बाजू घेतोय असं समजू नका. कारण ही अडचण त्यांनीच घट्ट धरून ठेवलेली आहे. दर वाढवला की गिऱ्हाईक भाड्याची स्कूटर घेतं, गिऱ्हाईक कमी झालं की लाइन लांबते, लाइन लांबली की परत दर वाढवायचा. आणि बाहेरचा कुणी त्या लाइनीत घुसू नये यासाठी मात्र सगळे एक होतात. सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१८ मध्ये गोव्याच्या पर्यटन महामंडळानं गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आणलं, २०२१ च्या एप्रिलमध्ये ते बंद करा म्हणून टॅक्सीवाल्यांनी संप केला. डिजिटल मीटर बसवा म्हणून हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं, कोर्टानं सांगितलं, मग बऱ्याच गाड्यांत मीटर बसले सुद्धा. तुमच्या गाडीत पण असणार, तो हसला तो त्याच मीटरला. २०२५ मध्ये ॲप कंपन्यांसाठी नियमावलीचा मसुदा काढला, परत टॅक्सीवाले रस्त्यावर, परत सरकारनं तो बाजूला ठेवला. निवडणुकीत एका टॅक्सीमागं एक घर असतं हो, आणि तुमचं-माझं मत इकडं कर्नाटकात, तिथं मोजणार कोण.

आणि हॉटेलवाला राहिलाच. रिसेप्शनवरनं टॅक्सी बोलावली की त्यात बऱ्याच ठिकाणी हॉटेलचा कट असतो, सगळीकडे नसेल, पण मी टेबलाच्या या बाजूला बसून तो दिलेला आणि घेतलेला आहे त्यामुळे खोटं बोलत नाही. तुमच्या बाराशेतले किती ड्रायव्हरच्या हातात गेले कुणास ठाऊक.

सुधारायचं म्हणाल तर कायदा हाताशी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ६७ नुसार भाडं ठरवायचा अधिकार राज्य सरकारला आहे, म्हणजे 'आमच्या युनियननं ठरवलेला रेट' याला कायद्यात काही जागा नाही, सरकारनं जाहीर केलेला तोच रेट. पण नुसतं मीटर बसवून आणि दंड करून हे सुटणार नाही, हे माझं मत आहे. रिकामी परत येणारी गाडी भरायला पाहिजे. म्हापशाला सोडलेल्या गाडीला म्हापशातनंच कळंगुटचं भाडं घेता आलं, त्यासाठी दोन्ही स्टँडची एकच वही केली, मग ती मोबाइलवर असो नाहीतर कागदावर, तर तोच माणूस दिवसाला पाच भाडी मारेल आणि पाचशेत खुशीनं येईल. मीटर बसवणं सोपं, ती वही एक करणं अवघड, आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. विमानतळावर प्रीपेड काउंटर असतो, तिथं पैसे आधी भरायचे, पावती हातात, रेट बोर्डावर, कुणी भांडत नाही. तोच प्रकार म्हापसा, पणजी, मडगावच्या बसस्टँडवर आणि कळंगुट-बागाच्या सर्कलला ठेवायला काय हरकत आहे?

तोपर्यंत पुढच्या खेपेला एवढं करा. टॅक्सी रिसेप्शनवरनं नको, आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः स्टँडवर जाऊन बोला, दोन ठिकाणी विचारा, गाडीचा नंबर आणि ठरलेले पैसे मोबाइलवर त्याच्यासमोरच लिहून घ्या. एकटं-दुकटं असलात तर गोव्यात पायलट आहेत, काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवाले, मागं बसायचं आणि जायचं. आणि शक्य असेल तर सकाळची बस सोडा, दहा-अकराची धरा, तोपर्यंत लोकल बस चालू झालेल्या असतात, कंडक्टर 'म्हापशा म्हापशा' करून ओरडत असतो, बसा आणि या. हो, आणि शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांसाठीचं, फुकट तिकीट गोव्यात जाणाऱ्या बसला चालत नाही, दोन जणींनी विचारलं होतं म्हणून सांगितलं, ते कर्नाटकाच्या आतलं आहे.

प्रश्न : सर, ओला-उबरसारखं ॲप सगळीकडे सक्तीचं केलं की प्रॉब्लेमच संपला ना? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज भांडण आहे. — कॉलेजचा विद्यार्थी, निपाणी

थोडा संपेल, सगळा नाही. ॲपमध्ये भाडं आधी दिसतं, ड्रायव्हरचं नाव-नंबर दिसतो, तक्रार करायला जागा असते, एवढ्यासाठी मी ॲपच्या बाजूचाच आहे. पण ॲप म्हणजे स्वस्त हे डोक्यातनं काढा. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत घ्यायला परवानगी होती, जुलै २०२५ च्या नव्या सूचनांत ती दुपटीपर्यंत केली. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री बागा बीचवर उभं राहून ॲप उघडशील तेव्हा तुला तो आकडा कायदेशीरपणे दुप्पट दिसू शकेल. त्याच सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या ड्रायव्हरला भाड्यातले कमीत कमी ८० टक्के मिळाले पाहिजेत असं आहे, आणि कारण नसताना भाडं कॅन्सल केलं तर १० टक्के दंड, जास्तीत जास्त १०० रुपये. हे कागदावर चांगलं आहे पण राज्यानं आपल्याकडे लागू केलं तरच. आणि ॲपवाला फोन करून 'ड्रॉप कुठं? कॅश की ऑनलाइन?' विचारतो आणि गायब होतो हा अनुभव तुला पुण्यात आला असेलच.

दुसरं म्हणजे चोर्ला घाट उतरताना कणकुंबीच्या पुढं रेंज गेली की ॲपही गेलं. ग्रुपमधल्यांना एवढं सांग आणि भांडण मिटव.

प्रश्न : मी टॅक्सी ड्रायव्हर, येलो बोर्ड म्हणजे भाड्याच्या परवान्याची, स्वतःची गाडी, खानापूर. तुम्ही सगळे गोव्याच्या टॅक्सीवाल्यांना शिव्या घालता पण आमचं काय? पॅसेंजर घेऊन गेलो तर तिथं दोन दिवस पार्किंगला उभं राहायचं, नाहीतर रिकामं यायचं. गाडीत आमचेच पॅसेंजर परत बसत असले तरी तिथल्या स्टँडची पोरं येऊन विचारतात कुठं भरलास म्हणून. आणि इकडं व्हाइट बोर्डवाले, म्हणजे खासगी गाडीवाले, निम्म्या रेटमध्ये नेतात. आम्ही जगायचं कसं?

दादा, तुमचं पत्र वाचून मला आमचं जुनं ऑफिस आठवलं. हे रिकामं येणं तुमच्याच नाही, तिकडच्यांच्या पण मुळावर आलंय, आणि दोन्हीकडचे एकमेकांना चोर म्हणतात ही गंमत आहे.

आधी कामाचं. टुरिस्ट परमिटची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना परमिट, टॅक्सची पावती, इन्शुरन्स हे तर ठेवालच, पण बरोबर पॅसेंजरची यादी आणि बुकिंगचा कागद ठेवा, कुठून कुठं आणि परत कधी ते लिहिलेलं, खाली पॅसेंजरची सही. साधा कागद असला तरी कुणी अडवलं तर तोंडी वाद घालण्यापेक्षा बरा, आणि पोलीस आले तर तो कागदच बोलतो. मात्र टुरिस्ट परमिटवर वडापसारखं स्टॉप स्टॉपला थांबून सीट भरायच्या नाहीत, ते नियमात बसत नाही आणि तिथं सापडलात तर तुमची बाजू कोणच घेणार नाही.

व्हाइट बोर्डचं म्हणाल तर मी गिऱ्हाइकांनाच सांगतो, कान देऊन ऐका. खासगी नंबरप्लेटची गाडी भाड्यानं घेऊन अनमोड नाहीतर चोर्ला घाटात काही झालं तर इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न विचारते, ही गाडी भाड्यानं चालली होती का. तिथं क्लेम लटकतो. वाचवलेले दोन हजार मग कोर्टाच्या खेपांत जातात. ओळखीचा आहे, लग्नात वाढायला आला होता, हे इन्शुरन्सवाल्याला सांगून उपयोग नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान धरायला कुणीतरी गोव्याची टॅक्सी घेऊन बेळगावला आलंय, जीए नंबरची गाडी, पॅसेंजर सोडला आणि परत जाताना सीबीटीसमोर उभा राहिला, पणजी पणजी म्हणून. आपण काय करतो? चहा पाजतो का? खरं सांगा. तुमच्या युनियनच्या मीटिंगमध्ये एकदा विषय काढून बघा की त्यांची इकडे आलेली गाडी आपण भरून पाठवू आणि आपली तिकडे गेलेली त्यांनी भरावी, मोजून, वहीत लिहून, गाडीला गाडी. सरकार करेल तेव्हा करेल. पहिल्या मीटिंगला तुम्हाला लोक वेडा म्हणतील, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : आमचं कणकुंबीच्या बाजूला छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. पावसाळ्यात धबधबे बघायला पुणे-मुंबई, हुबळी, गोवा सगळीकडनं लोक यायला लागलेत. गावात आठ-दहा जणांकडे जीप, बोलेरो आहेत. आत्ता प्रत्येकजण तोंडाला येईल तो रेट सांगतो. गेल्या जुलैत एकाच धबधब्याला एका गिऱ्हाइकाला पाचशे आणि दुसऱ्याला पंधराशे सांगितले, आणि ते दोघं रात्री आमच्याच अंगणात जेवायला शेजारी बसले. मला लाजेनं मान वर करता येईना. गोव्यासारखं होऊ नये म्हणून काय करू?

वहिनी, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. ते दोघं शेजारी बसल्याचं वाचून मी हसलो पण हसण्यासारखं नाही ते. तुमच्याकडे अजून लाइन तयार झालेली नाही, वही नाही, युनियन नाही, म्हणजे आत्ता जे ठरवाल तेच पुढं वीस वर्षं चालेल.

माथेरानचं उदाहरण घ्या. तिथं गाडी वर जात नाही, दस्तुरी नाक्यावर उतरायचं आणि पुढं घोडा नाहीतर ई-रिक्षा नाहीतर पाय. नाक्यावरच पर्यटकांची दिशाभूल करून अव्वाच्या सव्वा पैसे घेतात म्हणून तक्रारी एवढ्या वाढल्या की मार्च २०२५ मध्ये गावातल्याच लोकांनी, हॉटेलवाल्यांनी दुकानदारांनी, माथेरान बंद ठेवलं. पर्यटकांनी नव्हे, गावानं. कारण नाक्यावर फसलेला माणूस परत येत नाही, आणि तो न आल्याचा फटका घोडेवाल्याआधी चहावाल्याला बसतो. तुमच्या चार खोल्यांचं तेच होईल.

करायचं काय ते सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, त्या आठ-दहा जणांना तुमच्याच अंगणात बोलवा, जेवण ठेवा, सोलकढी आणि बांगडा नाहीतर जे असेल ते, उपाशीपोटी रेट ठरत नाहीत हा माझा अनुभव आहे. किलोमीटरवर जाऊ नका, जंगलातल्या रस्त्याला किलोमीटर चालत नाही, चिखलात दोन किलोमीटरला अर्धा तास लागतो. ठिकाणानं ठरवा. अमुक धबधबा, जाऊन येऊन, तिथं एक तास थांबून, एवढे. जास्त थांबलं तर तासाला एवढे. जांबोटीला सोडायचं, नुसतं जाणं, एवढे. रात्री दहानंतर एवढे जास्त. आणि गाडीचा रेट आणि सीटचा रेट दोन्ही लिहा, म्हणजे दोघंच जण आलेत तर दुसऱ्या दोघांबरोबर बसून जातील, गाडी भरून गेली की जीपवाल्याचं पण भागतं.

मग बोर्ड. इथं लोक चुकतात. मी एका घाटातल्या स्टँडवर बघितलेला बोर्ड अजून डोळ्यासमोर आहे, फ्लेक्सचा, वर नेत्यांचे आठ फोटो, खाली रेट बारीक अक्षरात, आणि प्रत्येक आकड्यावर वेगळा कागद चिकटवलेला, त्या कागदावर परत बॉलपेननं खाडाखोड, आणि एका कोपऱ्यात मार्करनं 'नाइट चार्ज वेगळा', किती ते नाही. असला बोर्ड असण्यापेक्षा नसलेला बरा. तुम्ही पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून घ्या, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत तिन्हीत (आपल्याकडे बोर्डावर भाषा कुठली आणि वर कुठली यावरनं काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून ग्रामपंचायतीला आधी विचारून घ्या, आणि त्यांच्या ठरावानंच लावा, म्हणजे बोर्ड टिकेल). तारीख लिहा, 'या सीझनसाठी' म्हणून. मध्येच रेट बदलायचा नाही, डिझेल वाढलं तरी नाही, पुढच्या मेमध्ये बसून ठरवायचं. फोटो आठ नकोत, एकही नको.

पावतीबुक छापून घ्या, एक पान गिऱ्हाइकाला एक जीपवाल्याला. आणि शेवटचं, ते तुमच्यावरच आहे. तुमचं कमिशन. होमस्टेवाल्यानं फोन करून गाडी बोलावली की त्याचे काहीतरी द्यायची पद्धत पडतेच, ती पडू द्यायची नसेल तर पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा की मला काही नको. ते परवडत नसेल तर पन्नास रुपये घ्या पण पावतीवर छापून घ्या, 'बुकिंग ५०'. लपवलेलं कमिशन दर वर्षी वाढतं, छापलेलं वाढवायला लाज वाटते.

आणि हो, गाड्यांची कागदं बघा. जीप आहेत म्हणता, त्यातल्या येलो बोर्ड किती? खानापूरच्या दादांना मी वर काय लिहिलंय ते त्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा. पावसात त्या रस्त्यावर व्हाइट बोर्डची जीप पलटी झाली तर तुमचं होमस्टे पण त्या कागदपत्रांत ओढलं जाईल.

प्रश्न : गोव्याला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या बेळगावच्या रिक्षांचं काय? मीटर सक्तीचं झालं असं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आता माझी पोरगी कॉलेजला आहे. — टिळकवाडी

मारलंत. याला उत्तर नाही माझ्याकडे, मी पण तेच ऐकत म्हातारा झालो.

परवाचंच सांगतो. गोगटे सर्कलवरनं वडगावला जायचं होतं, रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले, मी म्हटलं मीटर टाका की ओ. मीटर होतं, समोरच होतं, त्याच्यावर छोटा गणपती चिकटवलेला, बाजूला उदबत्तीचं घर, वरनं प्लॅस्टिकचा हार. तो म्हणाला, "काका, देवाला रोज रोज हलवू नये."

शंभरला तोडलं आणि बसलो.